शेतकऱ्यांचे कैवारी सांत इसिदोर

पेरणीच्या घाईंत मिस्सेला सवड कोठली, अशी तक्रार आम्ही दर वर्षीं ऐकतों. अशा वेळीं आम्हांस सांत इसिदोर यांची आठवण होते.

अकराव्या शतकाच्या उत्तरार्धांत स्पेन देशांतील माद्रिद येथें एका गरीब घरीं त्यांचा जन्म झाला. हुआन दे व्हार्गास नांवाच्या जमीनदाराच्या शेतांत मजुरीनें नांगर धरून त्यांनीं आयुष्य काढलें. ते व त्यांची पत्नी मारीया आपल्या घासांतला घास भुकेल्यांस देत.

रोज सकाळीं देवळांत जाऊन मगच ते नांगरास हात लावीत. ते उशिरां येतात, अशी कागाळी सोबतच्या मजुरांनीं धन्याकडे केली. धनी स्वतः पाहावयास गेला, तों इसिदोर यांच्या जोडीला देवदूत नांगरीत असलेले त्यास दिसले, अशी परंपरागत कथा आहे.

१२ मार्च १६२२ रोजीं पोप पंधरावे ग्रेगरी यांनीं सांत इग्नेशियस व सांत फ्रान्सिस झेवियर यांच्याबरोबरच ह्या मजुरासही संतपद दिलें. १५ मे हा त्यांचा सण. तेव्हां आपल्याकडे पाऊस तोंडावर आलेला असतो. देवाला दिलेल्या घटकेनें शेताचें कांहीं उणें होत नाहीं, हें त्या दिवशीं आपण सर्वांनीं ध्यानीं घ्यावें.