मत नव्हतं, पण संघटना होती!

अमेरिका म्हटलं की आपल्याला आठवतो व्हिसा, जीआरई आणि डॉलर. पण १८८६ साली तिथे गेलेली एक मराठी विधवा तिथल्या समाजकारणाचा अभ्यास करून परतली. त्या म्हणजे पंडिता रमाबाई.

२३ एप्रिल १८५८ ला त्यांचा जन्म. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी लोकांचा रोष पत्करून पत्नीला संस्कृत शिकवलं आणि आईनं रमाला. दुष्काळात आईवडील गेले. भावासोबत पायपीट करत त्या १८७८ ला कलकत्त्यात पोचल्या. तिथल्या विद्वानांनी त्यांना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ ठरवलं. १८८० मध्ये लग्न झालं, १८८२ मध्ये पती गेले. पदरात लहानगी मनोरमा! पुण्यात आर्य महिला समाज काढून १८८३ ला त्या इंग्लंडला गेल्या, तिथेच ख्रिस्ती झाल्या. मार्च १८८६ मध्ये डॉ. आनंदीबाई जोशींच्या पदवीदान समारंभासाठी त्या फिलाडेल्फियाला आल्या.

तेव्हा अमेरिकेत बायकांना राष्ट्राध्यक्ष निवडायचं मत कुठेच नव्हतं. तरी फ्रान्सिस विलार्ड यांच्या दारूबंदी संघटनेत गावोगावच्या बायका होत्या. सभा, वर्गणी, हिशेब, पदाधिकाऱ्यांची निवड, सगळं त्याच बघायच्या. दारूपासून सुरू झालेली मागणी मताधिकारापर्यंत गेली होती. रमाबाईंनी हे बारकाईनं पाहिलं. देशभर व्याख्यानं दिली. डिसेंबर १८८७ मध्ये बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली आणि दहा वर्षांच्या मदतीची सोय झाली. १८८९ मध्ये त्यांनी अमेरिकेवर मराठीत पुस्तक लिहिलं. त्यात कौतुक होतं, तसंच काळ्या लोकांवरच्या अन्यायाबद्दल खडे बोलही होते.

११ मार्च १८८९ ला मुंबईत विधवांसाठी शारदा सदन सुरू झालं, पुढे ते पुण्याला गेलं. धर्मांतराच्या संशयावरून १८९३ मध्ये गदारोळ झाला, पालकांनी मुली काढून नेल्या. बाई डगमगल्या नाहीत. केडगावला ‘मुक्ती’ उभारलं. अमेरिकेत बायकांना देशभर मत मिळालं १९२० ला. ५ एप्रिल १९२२ ला रमाबाई गेल्या.

मी दारव्ह्याचा. आमच्या यवतमाळ जिल्ह्यात दारूबंदीसाठी बायका मोर्चे काढतात, तेव्हा आपण पोरं कडेला उभं राहून हसतो. रमाबाईंबद्दल वाचल्यापासून मला काही हसू येत नाही. त्या बायकांकडे आज मत आहे, संघटनाही आहे. आपण निदान रस्ता तरी सोडूया!

– तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी