विश्लेषण : जॅकी रॉबिन्सन यांच्यासाठी ‘दुसरा बेस’ इतका अवघड का होता?

दरवर्षी १५ एप्रिलला अमेरिकेतील मेजर लीग बेसबॉलचे सर्व खेळाडू ४२ क्रमांकाची जर्सी घालून मैदानात उतरतात. १९४७ मध्ये याच दिवशी जॅकी रॉबिन्सन ब्रुकलिन डॉजर्सकडून खेळले आणि कृष्णवर्णीयांसाठी अनेक दशके बंद असलेले या लीगचे दार उघडले. त्यांची फलंदाजी आणि बेस चोरण्याचा वेग यांची चर्चा आजही होते. मात्र ज्या जागेवर ते सर्वाधिक सामने खेळले, त्या दुसऱ्या बेसवरील क्षेत्ररक्षण त्यांना नव्याने शिकावे लागले होते.

मूळ जागा कोणती?

३१ जानेवारी १९१९ रोजी जॉर्जिया राज्यात जन्मलेले रॉबिन्सन कॅलिफोर्नियातील पासाडेनात वाढले. १९४५ मध्ये कृष्णवर्णीयांच्या कॅन्सस सिटी मोनार्क्स संघात ते शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसमधील क्षेत्ररक्षक होते. डॉजर्सचे प्रमुख ब्रँच रिकी यांनी त्यांना करारबद्ध करून १९४६ मध्ये मॉन्ट्रियल रॉयल्स या दुय्यम संघात पाठवले. शॉर्टस्टॉपला पहिल्या बेसपर्यंत लांब फेक करावी लागते. तेवढी ताकद रॉबिन्सन यांच्या हातात नाही, अशी शंका होती. छाप पाडण्यासाठी फ्लोरिडातील शिबिरात त्यांनी जीव तोडून फेकी केल्या आणि हात दुखावून घेतला. अखेर त्यांना दुसऱ्या बेसवर आणण्यात आले. त्याच जागेचे दावेदार असलेले गोरे सहकारी लू रोशेली यांनी त्यांना तेथील बारकावे शिकवले.

या जागेवर धोका कोणता?

येथून पहिल्या बेसची फेक जवळची असते. खरी कसोटी ‘डबल प्ले’मध्ये, म्हणजे एकाच चेंडूवर दोघांना बाद करताना लागते. शॉर्टस्टॉपने दिलेला चेंडू घ्यायचा, बेसला पाय लावून एकाला बाद करायचे आणि क्षणात वळून पहिल्या बेसकडे फेकायचे. नजर चेंडूवर असताना धावपटू खिळ्यांचे बूट पुढे करून घसरत येतो. क्षेत्ररक्षकाला पाडून त्याची फेक बिघडवणे हा तेव्हा खेळाचाच भाग मानला जाई. रॉबिन्सन यांच्याबाबत अशा धडकेमागे खेळ आहे की द्वेष, हे ओळखणे कठीण होते. त्यांची प्रत्येक चूक कृष्णवर्णीयांविरुद्ध पुरावा म्हणून वापरली जाण्याचीही भीती होती.

मग पदार्पण पहिल्या बेसवर का?

डॉजर्सकडे दुसऱ्या बेसवर एडी स्टँकी होते. त्यामुळे २८ वर्षांच्या रॉबिन्सन यांना आणखी एक नवी जागा शिकावी लागली. ऑगस्टमध्ये सेंट लुईस कार्डिनल्सच्या इनॉस स्लॉटर यांच्या बुटाचे खिळे त्यांच्या पायाला लागले. ते हेतुपुरस्सर नव्हते, असे स्लॉटर सांगत राहिले. त्या हंगामात पहिल्या बेसवर रॉबिन्सन यांच्याकडून १६ चुका झाल्या, तरी सर्वोत्तम नवोदिताचा पुरस्कार त्यांनाच मिळाला.

बदल केव्हा झाला?

मार्च १९४८ मध्ये स्टँकी बॉस्टन ब्रेव्हजकडे गेले आणि दुसरा बेस रिकामा झाला. मात्र रॉबिन्सन वजन वाढवून शिबिरात आले होते. व्यवस्थापक लिओ ड्युरोशर संतापले. चपळाई हवी अशा जागेवर सुरुवातीला त्यांची दमछाक झाली. तरीही त्या हंगामात नॅशनल लीगच्या दुसऱ्या बेसवरील खेळाडूंत त्यांची क्षेत्ररक्षणाची टक्केवारी सर्वोत्तम ठरली. शॉर्टस्टॉप पी वी रीस हे दक्षिणेकडील केंटकीचे गोरे खेळाडू. रॉबिन्सन यांना विरोध करणाऱ्या अर्जावर त्यांनी १९४७ मध्ये सही नाकारली होती. डबल प्लेमध्ये एकाने न बघता दुसऱ्याच्या हातावर भरवसा ठेवावा लागतो. या जोडीचा तो भरवसा पक्का झाला. १९५१ मध्ये रॉबिन्सन यांचा १३७ डबल प्लेंमध्ये सहभाग होता आणि चुका होत्या अवघ्या ७.

तो झेल का महत्त्वाचा?

३० सप्टेंबर १९५१ रोजी फिलाडेल्फियात हंगामाचा अखेरचा सामना होता. पराभव म्हणजे अव्वल स्थानाची संधी संपणार होती. बाराव्या डावात तिन्ही बेस भरलेले आणि दोन बाद असताना एडी वेटकस यांनी मारलेला खालचा, वेगवान फटका रॉबिन्सन यांनी सूर मारून झेलला. कोपर पोटात रुतल्याने ते काही वेळ पडून राहिले. चौदाव्या डावात त्यांच्याच होमरनने डॉजर्स ९-८ असे जिंकले. त्यानंतरच्या निर्णायक मालिकेत मात्र न्यूयॉर्क जायंट्सने बाजी मारली.

पुढे काय झाले?

१९५३ मध्ये तरुण जिम गिलियम यांच्यासाठी दुसरा बेस सोडून रॉबिन्सन तिसऱ्या बेसवर आणि डाव्या बाह्यक्षेत्रात खेळू लागले. १९५६ च्या हंगामानंतर ते निवृत्त झाले. १९६२ मध्ये त्यांना हॉल ऑफ फेममध्ये स्थान मिळाले. मधुमेहाने दृष्टी जवळपास गेलेल्या रॉबिन्सन यांचे २४ ऑक्टोबर १९७२ रोजी वयाच्या ५३ व्या वर्षी निधन झाले.