लस घेतल्यावर सूज, ताप का येतो? प्लेगची लस शोधणाऱ्या हाफकिन यांनी स्वतःवरच घेतला होता अनुभव

धुळे : बाळाला लस दिली की टोचलेली जागा लाल होते, सुजते, अंग तापते आणि घरचे घाबरतात. वाल्देमार हाफकिन यांनी हा त्रास जाणूनबुजून ओढवून घेतला होता.

कोण होते हाफकिन?
जन्म १८६०, ओडेसा. तिथे ते मेचनिकॉफ यांचे विद्यार्थी. मेचनिकॉफ यांनी १८८२ मध्ये तारामाशाच्या अळीत काटा टोचला, तेव्हा पेशी काट्याभोवती जमल्या. दाह हा शरीराचा बचाव आहे, हे त्यांनी त्यावरून मांडले.

मुंबईत काय केले?
प्लेगच्या साथीत हाफकिन यांनी मारलेल्या जंतूंची लस बनवली. १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. ताप आला, जागा दुखू लागली. मग ते बरे झाले.

शरीरात काय घडते?
▪ परका घटक दिसताच तिथल्या पेशी हिस्टामिनसारखी रसायने सोडतात.
▪ रक्तवाहिन्या रुंदावतात : लाली, ऊब.
▪ त्यातून द्रव झिरपतो : सूज.
▪ नसा चेततात : वेदना.
▪ पांढऱ्या पेशी येऊन जंतू गिळतात.
▪ मेंदूपर्यंत संदेश जातो : ताप.

मग वाद कशाचा?
१९०२ मध्ये पंजाबातील मुल्कोवाल येथे लस घेतलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. हाफकिन यांच्यावर ठपका आला. १९०७ मध्ये तो पुसला गेला. १९२५ मध्ये परळच्या संस्थेला त्यांचे नाव मिळाले. १९३० मध्ये त्यांचे निधन झाले.

लक्षात ठेवा : सौम्य सूज-ताप एक-दोन दिवसांत ओसरतो. वाढत गेल्यास डॉक्टरांना दाखवा.