आडोशामागचा निरीक्षक : डॉ. सालिम अली

विसाव्या शतकाच्या आरंभीची गोष्ट आहे. मुंबईच्या खेतवाडी भागात, एका मोठ्या एकत्र कुटुंबात वाढणाऱ्या दहा-अकरा वर्षांच्या मुलाने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी पाडली. ती हातात घेऊन पाहतो तो काय, तिच्या गळ्यावर हळदीचे बोट लागावे तसा पिवळा डाग! घराच्या वळचणीला नेहमी दिसणाऱ्या चिमण्यांना असा डाग नसे. मुलगा चिमणी घेऊन मामांकडे गेला. मामा अमिरुद्दीन तय्यबजी नामांकित शिकारी होते. परंतु हा पक्षी कोणता, हे त्यांनाही सांगता येईना. त्यांनी भाच्याला चिठ्ठी देऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी या संस्थेत पाठवले. तेथील मानद सचिव मिलार्ड यांनी त्या मुलाला पेंढा भरून जतन केलेल्या पक्ष्यांचे कप्पे एकामागून एक उघडून दाखवले. ती पीतकंठी रानचिमणी निघाली. त्या मुलाचे नाव होते सालिम मोईझुद्दीन अब्दुल अली.

सालिम अलींचा जन्म १२ नोव्हेंबर १८९६ रोजी झाला. ते वर्षाचे असताना वडील गेले आणि तीन वर्षांचे असताना आई गेली. मामा-मामींनी त्यांचा सांभाळ केला. शाळेत त्यांचे फारसे मन रमले नाही. पुढे घरच्या व्यवसायानिमित्त ते ब्रह्मदेशात गेले. पण तेथेही लक्ष व्यापारापेक्षा जंगलाकडेच अधिक. व्यापार बुडाला. इ. स. १९१८ मध्ये त्यांचा विवाह तेहमिना यांच्याशी झाला. इ. स. १९२६ मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये (आजचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय) त्यांना मार्गदर्शक-व्याख्याता म्हणून नोकरी मिळाली. दोन वर्षांनी ते रजा घेऊन जर्मनीला गेले आणि बर्लिन येथे प्रा. श्ट्रेसेमान यांच्या हाताखाली पक्षिशास्त्राचे धडे घेऊन १९३० मध्ये परतले. येऊन पाहतात तर पैशांच्या टंचाईमुळे त्यांची जागाच रद्द झालेली! विद्यापीठाची पदवी नसल्यामुळे सरकारी खात्याची दारेही बंद होती. वय तेहतीस, पदरी संसार आणि हाताला काम नाही, अशी त्यांची अवस्था झाली.

मुंबईत राहणे परवडेना, म्हणून पती-पत्नी अलिबागजवळ किहीम येथे समुद्रकाठच्या घरी राहावयास गेली. पावसाळा सुरू झाला होता. घराजवळच्या झाडावर सुगरण पक्ष्यांची वसाहत होती. फांद्यांना घरटी लोंबत होती आणि दिवसभर कलकलाट चाले. दुसरा एखादा मनुष्य अशा वेळी नोकरीच्या अर्जांत गुंतला असता. सालिम अलींनी एक शिडी उभी केली, तिच्यावर कापडाचा आडोसा बांधला आणि त्यात बसून ते तासन् तास घरट्यांकडे पाहू लागले. पक्ष्यांना आडोशाची सवय झाली. आत माणूस आहे याचे त्यांना भानच उरले नाही.

सुगरण हे नाव स्त्रीलिंगी आहे. बहिणाबाई चौधरींची खोप्यावरची कविता मराठी घराघरांत पाठ आहे आणि तीतही घर बांधण्याचे श्रेय पिलांच्या आईलाच दिले आहे. आडोशातून दिसले ते वेगळे होते. गवताच्या आणि पानांच्या लांब धांदोट्या चोचीने काढून आणणारा, त्यांच्या गाठी मारणारा, विणणारा तो नर. तो घरटे निम्मे विणतो. त्याचा आकार शिरस्त्राणासारखा झाला की काम थांबवतो आणि पंख फडफडवून माद्यांना बोलावतो. मादी येते, आत शिरून पाहते, पसंत पडले नाही तर निघून जाते. एखादीला घर पसंत पडले, तरच नर लांब नळीसारखे प्रवेशद्वार विणून ते पुरे करतो. मादीने अंडी घातली की हा गृहस्थ दुसरे घरटे बांधावयास घेतो आणि दुसऱ्या मादीला बोलावू लागतो. अंडी उबवणे आणि पिले वाढवणे हे काम मादीच्या वाट्याला येते. त्या दृष्टीने कवयित्रीचे म्हणणे अगदीच चुकले असे म्हणता येत नाही!

ही निरीक्षणे १९३१ साली सोसायटीच्या नियतकालिकात प्रसिद्ध झाली आणि पक्षिशास्त्रज्ञांनी त्यांची दखल घेतली. पेंढा भरलेला पक्षी कितीही न्याहाळला, तरी त्यातून हा संसार कळला नसता. मात्र सालिम अलींनी बंदूक कायमची टाकून दिली असे समजू नये. नमुने गोळा केल्याशिवाय पक्ष्यांचे वर्गीकरण होत नाही, असे त्यांचे मत होते आणि ते त्यांनी कधी लपवले नाही. हैदराबादपासून कच्छपर्यंत अनेक प्रदेशांतील पक्ष्यांच्या पाहण्या त्यांनी केल्या. तेहमिना या प्रवासांत त्यांच्याबरोबर असत. इ. स. १९३९ मध्ये एका शस्त्रक्रियेनंतर त्यांचे निधन झाले. सालिम अलींनी पुन्हा विवाह केला नाही. दोन वर्षांनी भारतीय पक्ष्यांवरील त्यांचे प्रसिद्ध पुस्तक निघाले आणि सामान्य माणसाला पक्षी ओळखण्याचा छंद लागण्यास त्याने मोठा हातभार लावला.

याच सुमारास दुसरे महायुद्ध पेटले होते. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूरहून निघालेल्या एका जहाजावर जपानी विमानांनी बॉम्ब टाकले. त्या जहाजावर लोके वान थो हा मलायातील धनाढ्य चिनी कुटुंबातला तरुण होता. तो भाजला, काही काळ त्याची दृष्टीही गेली. पण जीव वाचला. पुढे तो भारतात आला. मुंबईत त्याची सालिम अलींशी गाठ पडली आणि पक्षी पाहण्याची विद्या तो त्यांच्याकडून शिकला. नंतर चित्रपटगृहांचा मोठा व्यवसाय सांभाळतानाही वेळ मिळेल तेव्हा तो कॅमेरा घेऊन पक्ष्यांमागे हिंडे. दोघांनी भारतात बरोबर प्रवास केले. पक्ष्यांची छायाचित्रे घेणे तेव्हा सोपे नव्हते. कॅमेरे अवजड होते आणि पक्षी जवळ असल्याशिवाय चित्र स्पष्ट येत नसे. त्यासाठी तोच किहीमचा उपाय : आडोसा. तो दूर उभारून दर दिवशी थोडाथोडा पुढे सरकवावयाचा. मग दोघांनी मिळून आत जावयाचे आणि एकाने बाहेर पडून निघून जावयाचे. माणूस गेला असे समजून पक्षी घरट्यावर परत येतो. लोके यांच्या छायाचित्रांचे पुस्तक १९५७ मध्ये प्रसिद्ध झाले. इ. स. १९६४ मध्ये तैवानमधील विमान अपघातात ते मरण पावले. आज घरट्यातील पक्ष्यांची छायाचित्रे घेणे योग्य मानले जात नाही. माणसाच्या वावरामुळे पक्षी अंडी सोडून जातात, म्हणून अनेक स्पर्धांत अशी चित्रे स्वीकारत नाहीत. सालिम अलींच्या पिढीने जे केले ते आता जसेच्या तसे करता येणार नाही.

राजस्थानातील भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ या एका दिवसात व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या शिकारीत ४,२७३ पक्षी मारले गेले. योगायोग असा की तो सालिम अलींचा बेचाळिसावा वाढदिवस होता. स्वातंत्र्यानंतर ती पाणथळ बुजवून शेती करावी अशी मागणी पुढे आली, तेव्हा ती वाचवण्यासाठी सालिम अलींनी आपला सारा शब्द खर्च केला. पाणथळ वाचली आणि १९८५ मध्ये तिची गणना जागतिक वारशात झाली.

डिलन रिप्ले यांच्यासह लिहिलेला त्यांचा दहा खंडांचा पक्षिग्रंथ १९६८ ते १९७४ या काळात पुरा झाला. इ. स. १९७६ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळाले. परदेशातून मिळालेल्या एका मोठ्या पुरस्काराची रक्कम त्यांनी सोसायटीला देऊन टाकली. इ. स. १९८५ मध्ये ते राज्यसभेचे सदस्य झाले. २० जून १९८७ रोजी, वयाच्या नव्वदाव्या वर्षी, मुंबईत त्यांचे निधन झाले. गोव्यात मांडवी नदीतील चोडण बेटावर खारफुटीच्या झाडीत त्यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. पक्षी पाहण्यासाठी आणि त्यांची चित्रे घेण्यासाठी हौशी मंडळी फेरीबोटीने तेथे जातात.