लॉर्ड बेडन-पॉवेल : शाळेबाहेरच्या शाळेचे शिक्षक

बंगळूर येथे 1909 साली कॅप्टन टी. एच. बेकर या इंग्रज अधिकाऱ्याने काही मुले जमवून बालवीरांचे एक पथक उभे केले. हिंदुस्थानातील ते पहिले पथक. त्यापाठोपाठ 1910-11 मध्ये खडकी, लोणावळा, मुंबई, जबलपूर व मद्रास येथेही पथके निघाली. परंतु ही सारी पथके युरोपियन व अँग्लो-इंडियन मुलांची होती. हिंदी मुलांना त्यांत प्रवेश नव्हता. प्रत्येक बालवीर हा दुसऱ्याचा बंधू, असा ज्या चळवळीचा नियम, तिने या देशात पाऊल टाकले ते असे. या चळवळीचे जनक रॉबर्ट बेडन-पॉवेल यांचे चरित्र वाचताना ही विसंगती दृष्टीआड करून चालणार नाही.

त्यांचा जन्म 22 फेब्रुवारी 1857 रोजी लंडन येथे झाला. वडील धर्मोपदेशक असून ऑक्सफर्ड येथे गणिताचे प्राध्यापक होते. रॉबर्ट अवघ्या तीन वर्षांचा असता त्यांचे छत्र हरपले आणि मोठ्या कुटुंबाचा भार आई हेन्रिएटा यांच्यावर पडला. चार्टरहाऊस या शाळेत रॉबर्टने अभ्यासात विशेष चमक दाखविली नाही. शाळेलगत एक राई होती. तेथे जाण्यास मुलांना मनाई होती, आणि हा मुलगा तर नेमका तेथेच सापडायचा. म्हणजे, सापडायचा नाही! ससे पकडणे, धूर दिसणार नाही अशा बेताने विस्तव पेटवून ते शिजविणे, गुरुजींची चाहूल लागताच झाडावर दडून बसणे, हे सारे तो तेथे शिकला. वर्गाने न दिलेले शिक्षण त्या राईने दिले. ऑक्सफर्डने त्याला प्रवेश नाकारला; मात्र सैन्याच्या परीक्षेत तो वरच्या क्रमांकाने उत्तीर्ण झाला आणि 1876 साली घोडदळाचा अधिकारी म्हणून हिंदुस्थानात आला.

पुढे मेरठ येथे असताना ते शिपायांना टेहळणीचे शिक्षण देत. लहान लहान गटांत माणसे वाटून प्रत्येक गटावर जबाबदारी टाकावी, हा त्यांचा प्रघात. याच विषयावरील त्यांचे छोटे पुस्तक 1899 साली प्रसिद्ध झाले, तेव्हा ते दक्षिण आफ्रिकेत मॅफेकिंग गावाच्या वेढ्यात अडकले होते. तो वेढा 217 दिवस चालला. गावातील लहान मुलांचे एक पथक निरोप पोचविण्याचे काम करीत असे. पुढे त्या मुलांची आठवण ते वारंवार काढीत. वेढा उठताच इंग्लंडमध्ये त्यांचा मोठा जयजयकार झाला. त्याच वेढ्यात काळ्या रहिवाशांच्या वाट्याला आलेली उपासमार मात्र त्या जल्लोषात कोणाच्या ध्यानी आली नाही.

मायदेशी परतल्यावर त्यांना आढळले की, शिपायांसाठी लिहिलेले ते पुस्तक शिक्षक आणि मुले वाचीत आहेत. विल्यम स्मिथ यांनी 1883 साली ग्लासगो येथे बॉइज ब्रिगेड ही ख्रिस्ती मुलांची संघटना स्थापिली होती. 1904 साली तिचे संचलन पाहण्यास बेडन-पॉवेल गेले असता, हे पुस्तक मुलांसाठी नव्याने लिहावे, असे स्मिथ यांनी सुचविले.

लिहिण्यापूर्वी त्यांनी प्रयोग करून पाहिला. ऑगस्ट 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर त्यांनी सुमारे वीस मुले नेली. काही श्रीमंतांच्या नामांकित शाळांतील, तर काही बॉइज ब्रिगेडमधील सामान्य घरची. त्या काळच्या इंग्लंडात ही मुले एका पंगतीस बसणे हीच मोठी नवलाई होती. लांडगा, बैल, कर्ल्यू पक्षी व डोमकावळा अशा नावांचे चार संघ करून प्रत्येकावर मुलांमधलाच एक नायक नेमला. आणि येथेच आपल्या मंडळीत शाळा सुटल्यावर मुलांसाठी काही करू इच्छिणाऱ्यांनी जरा थांबून पाहावे. प्रत्येक दिवसाला एक विषय ठरलेला असे: तंबूतील कामे, निरीक्षण, रानाची ओळख, दुसऱ्याचा जीव वाचविणे इत्यादी. आदल्या रात्री शेकोटीभोवती त्या विषयावरची गोष्ट व्हायची, सकाळी त्याचा सराव, आणि दुपारनंतर त्याच विषयावर बेतलेला खेळ. मुलाला वाटे आपण खेळतो आहोत. शिक्षण त्या खेळाच्या पोटात असे. जेवणानंतर सक्तीची विश्रांती आणि दररोज प्रार्थना. आपले कार्यक्रम बहुधा फसतात ते उपदेश एकीकडे आणि खेळ दुसरीकडे ठेवल्यामुळे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

1908 च्या जानेवारीपासून त्यांचे पुस्तक भागाभागाने निघू लागले आणि मुलांनी वडिलधाऱ्यांची वाट न पाहता स्वतःच पथके काढली. 1909 साली लंडनच्या मेळाव्यात मुलीही हक्काने येऊन उभ्या राहिल्या. पुढील वर्षी भगिनी ॲग्नेस यांच्या साहाय्याने वीरबालांची संघटना निघाली. त्याच वर्षी त्यांनी सैन्य सोडले.

इकडे हिंदी मुलांना टेहळणी शिकविली तर ती क्रांतिकारकांना मिळतील, ही सरकारची धास्ती. तेव्हा हिंदी माणसांनी स्वतःच्या संघटना काढल्या. श्रीराम बाजपेयी, पंडित मालवीय, हृदयनाथ कुंझरू, नागपूरचे व्हिव्हियन बोस, मद्रासेस ॲनी बेझंट व अरुंडेल अशा अनेकांनी हे काम हाती घेतले. 1921 साली बेडन-पॉवेल येथे आले, तेव्हा बेझंटबाईंची संघटना मूळ चळवळीत सामील झाली; सेवा समितीची मात्र वेगळीच राहिली. 1937 मध्ये दिल्लीच्या मेळाव्यास ते पुन्हा आले. हिंदी लोकांच्या शीलाविषयी त्यांनी काढलेल्या उद्गारांनी मने दुखावली आणि 1938 साली हिंदुस्थान स्काउट असोसिएशन उभी राहिली. जगातील मुलांना बंधुभाव शिकविणाऱ्या या वृद्धास स्वतःच्या साम्राज्याची सवय अखेरपर्यंत पुरती सोडता आली नाही. दुरावलेल्या संघटना 7 नोव्हेंबर 1950 रोजी भारत स्काउट्स आणि गाइड्स या नावाने एक झाल्या, आणि बंगळूरला ज्या दाराबाहेर हिंदी मुलगा उभा होता ते दार त्याचे स्वतःचे झाले.

बेडन-पॉवेल हे पाहण्यास नव्हते. 8 जानेवारी 1941 रोजी केनियातील न्येरी येथे त्यांचे देहावसान झाले. त्यांच्या थडग्यावर एक वर्तुळ व त्याच्या मध्यभागी एक ठिपका कोरलेला आहे. रानात वाट दाखविताना बालवीर जमिनीवर जी चिन्हे काढतात, त्यांतील हे शेवटचे. ते काढणारा घरी गेला, असा त्याचा अर्थ आहे.