कावसजी नायगमवाला

विद्येची आवड असणे ही एक गोष्ट आणि त्या विद्येसाठी लागणारा पैसा मिळवणे ही दुसरी. पहिल्या गोष्टीचे कौतुक सारेच करतात. दुसरीसाठी दारोदार जावे लागते, अर्ज लिहावे लागतात आणि उत्तराची वाट पाहावी लागते. भारतात ताऱ्यांच्या प्रकाशाचे शास्त्र रुजवण्यासाठी ही दोन्ही कामे ज्या प्राध्यापकांनी केली, ते कावसजी दादाभाई नायगमवाला.

त्यांचा जन्म १८५७ साली एका पारशी कुटुंबात झाला. पदार्थविज्ञान व रसायन या विषयांत एम. ए. होऊन ते १८८२ साली मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजात व्याख्याते झाले. त्या वेळी युरोपात वर्णपटशास्त्राने मोठी खळबळ उडवली होती. मुलांनो, लोलकातून प्रकाश गेला की त्याचे निरनिराळे रंग अलग होतात, हे तुम्ही पाहिले असेल. हा रंगांचा पट्टा बारकाईने पाहिला, तर त्यात ठरावीक जागी रेषा दिसतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या रेषा निराळ्या. म्हणून कोट्यवधी कोस दूर असलेल्या ताऱ्यात कोणते द्रव्य जळत आहे, हे पृथ्वीवर बसून सांगता येते. हेलिअम वायूचा पत्ता तर पृथ्वीवर लागण्यापूर्वी सूर्यप्रकाशातच लागला. अशा विद्येचे उपकरण आपल्या कॉलेजात नसावे, ही गोष्ट तरुण नायगमवालांना खटकत होती.

त्याच वर्षी भावनगर संस्थानचे महाराज तख्तसिंहजी कॉलेज पाहावयास आले. नायगमवालांनी संधी साधली. वर्णपटाच्या प्रयोगशाळेसाठी महाराजांनी ५,००० रुपये देऊ केले. मात्र मुंबई सरकारनेही तेवढीच रक्कम घालावी, अशी योजना ठरली. ही रीत मोठी शहाणपणाची आहे. दात्याचा पैसा सरकारला लाजवतो आणि सरकारचा पैसा दात्याला विश्वास देतो. परंतु ज्याला हे दोन्ही हात एकत्र आणावयाचे असतात, त्याची मात्र कसोटी लागते. यंत्र कशासाठी हवे, ते कोठून आणावयाचे, त्याला खर्च किती, ते वापरणार कोण, हे सारे आकाशाशी काहीही संबंध नसलेल्या अधिकाऱ्यांना पटवून द्यावे लागते. शाळेसाठी एखादी खोली मंजूर करून घेतलेल्या कोणत्याही मुख्याध्यापकाला हे निराळे सांगावयास नको. सरकारने आपला वाटा दिला.

यंत्रांची मागणी नोंदवण्यासाठी नायगमवाला १८८४ साली इंग्लंडला गेले. तेथे राजज्योतिषी क्रिस्टी आणि सूर्याचे प्रख्यात अभ्यासक नॉर्मन लॉकियर यांच्याशी त्यांची भेट झाली. प्रयोगशाळेऐवजी आकाशस्थ ज्योतींचा वर्णपट पाहणारी वेधशाळाच उभारावी, असा सल्ला त्यांना मिळाला. मुंबईच्या दमट व धुरकट हवेपेक्षा पुण्याचे आकाश या कामास अधिक अनुकूल. नायगमवालांची बदली पुण्याच्या कॉलेज ऑफ सायन्समध्ये झाली आणि १८८८ साली तेथे महाराज तख्तसिंहजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब यांच्या कारखान्यातून दुर्बीण आली. पुढे तिच्यात बसवलेला आरसा २० इंच व्यासाचा होता; एवढी मोठी दुर्बीण त्यानंतर कित्येक दशके आपल्या देशात दुसरी नव्हती.

आता खरी परीक्षा आली. तेजोमेघांच्या वर्णपटातील एका हिरव्या रेषेवरून त्या काळी वाद चालू होता. ती मॅग्नेशिअममुळे उमटते व तिची एक कड पुसट असावी, असे लॉकियर यांचे मत होते. नायगमवालांनी मृगनक्षत्रातील तेजोमेघाचे वेध घेतले, तेव्हा त्यांना ती रेषा दोन्ही बाजूंनी स्वच्छ, रेखीव दिसली. ज्यांच्या सल्ल्याने वेधशाळा उभी राहिली, त्यांच्याच मताविरुद्ध हा पुरावा होता. नायगमवालांनी जे दिसले ते १८९१ साली प्रसिद्ध केले. ती रेषा प्राणवायूची आहे, हा उलगडा १९२७ साली बोवेन या अमेरिकन शास्त्रज्ञाने केला.

दिनांक २२ जानेवारी १८९८ रोजी खग्रास सूर्यग्रहण झाले. चंद्राची छाया कोकणात विजयदुर्गाजवळ भूमीवर आली आणि सोलापूर जिल्ह्यातून वऱ्हाडात शिरली. आजच्या यवतमाळ जिल्ह्याच्या वायव्य भागावरूनही ती सरकत गेली. लॉकियर विजयदुर्गावर होते. धामणगावच्या पलीकडे तळणी येथे आणि पुढे पुलगावी इंग्रज ज्योतिर्विदांचे तळ पडले होते. नायगमवालांनी आपला तळ करमाळ्याजवळील जेऊर येथे ठोकला. पुण्यावर तेव्हा प्लेगची छाया होती. इतक्या खटपटीचे फळ सुमारे दोन मिनिटांत पदरात पाडावयाचे होते. ढग आला असता तर सारे व्यर्थ. परंतु आकाश निर्मळ राहिले. सूर्यबिंब झाकले जाताच त्याच्या कडेचा पातळ थर क्षणभर चमकतो. त्या चमकेच्या वर्णपटाची छायाचित्रे त्यांना मिळाली. त्यांचा सविस्तर अहवाल १९०२ साली छापला गेला.

वेधशाळा मात्र एका माणसावरच उभी होती. इमारत होती, दुर्बीण होती. परंतु नायगमवालांच्या मागे ती चालवील असा कोणी तेथे तयार झाला नाही. तशी तरतूद करणे हे सरकारचे काम होते, असे मला वाटते. १९१२ साली ते निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण खोक्यांत भरून दक्षिणेस कोडाईकॅनॉलच्या वेधशाळेकडे रवाना झाली. नायगमवाला त्यानंतर सव्वीस वर्षे जगले. १९३८ साली त्यांचा अंत झाला. कोडाईकॅनॉलला गेलेली ती दुर्बीण पुढे भावनगर दुर्बीण या नावाने ओळखली जाऊ लागली.