गोदावरी परुळेकर : सभा आणि जमाव

शांततापूर्ण निषेधाचा हक्क आणि त्याच्या मर्यादा प्रस्तुत उपघटकात आपण एका चरित्राच्या आधारे समजून घेणार आहोत.

गोदावरी परुळेकर (१९०७–१९९६) यांचा जन्म पुण्यातील गोखले कुटुंबात झाला. कायद्याची पदवी घेऊनही त्यांनी वकिलीऐवजी समाजकार्य स्वीकारले. पुढे पती शामराव यांच्यासह त्या कम्युनिस्ट पक्षात व किसान सभेत कार्य करू लागल्या.

आपल्यापैकी कल्याण-डोंबिवली परिसरात राहणाऱ्यांना टिटवाळा गणपतीमुळे परिचित असेल. जानेवारी १९४५ मध्ये तेथेच किसान सभेचे प्रांतिक अधिवेशन भरले. तत्कालीन ठाणे जिल्ह्यातील वारल्यांच्या वेठबिगारीचा प्रश्न तेथे पुढे आला. मे महिन्यात झरी येथील परिषदेत वारल्यांनी वेठ न करण्याचा निर्धार केला. काम नाकारणे हेच त्यांचे साधन होते.

ऑक्टोबर १९४५ मध्ये तलवाडा येथे एकत्र आलेल्या वारल्यांवर पोलिसांनी गोळीबार केला. त्यात पाच आदिवासी मृत्युमुखी पडले. गोदावरीबाईंच्या वृत्तान्तानुसार, त्यांच्या सभेची खोटी वार्ता पसरवून लोकांना तेथे आणले गेले होते. येथे भाषेकडे लक्ष द्या. जे एकत्र आले त्यांच्या दृष्टीने ती सभा होती. शासनाच्या दृष्टीने तो जमाव होता. या दोन शब्दांतील अंतरावर माणसांचे प्राण अवलंबून होते. १९४६ मध्ये परुळेकर दांपत्यावर जिल्हाबंदीही आली. तरीही संघटना टिकली. या लढ्याची कहाणी गोदावरीबाईंनी 'जेव्हा माणूस जागा होतो' या ग्रंथात सांगितली. त्यास साहित्य अकादमी पुरस्कार लाभला.

आज संविधानाचे कलम १९ नागरिकांना शांततेने व शस्त्राविना एकत्र येण्याचा हक्क देते. मात्र सार्वजनिक सुव्यवस्थेसाठी त्यावर वाजवी निर्बंध घालता येतात. सार्वजनिक रस्त्यावरील सभांचे नियमन करता येते, परंतु त्यांवर सरसकट बंदी घालता येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये हिंमतलाल शहा खटल्यात दिला. दुसरीकडे, सार्वजनिक रस्ता आंदोलनासाठी अनिश्चित काळ अडवून ठेवता येत नाही, हे २०२० च्या शाहीनबाग प्रकरणात स्पष्ट झाले. निर्बंध वाजवी आहे की नाही, हे आता न्यायालयात तपासून घेता येते. तलवाड्याच्या वारल्यांना गोळीबारापूर्वी तशी संधी नव्हती.

स्वयं-अध्ययन : सभा, मोर्चा, जमाव, दंगा हे शब्द एखाद्या वृत्तपत्रातील बातम्यांत कोणासाठी योजले जातात, ते नोंदवा आणि त्यामागील दृष्टिकोन स्पष्ट करा.